धारचा लोहस्तंभ आणि पीथमपूरची मोटार

माळव्याच्या इतिहासाचा विचार करू लागले की दृष्टी प्रथम राजसत्तांकडे जाते. परमारांची धारानगरी, मांडूचे सुलतान, मोगलांचा सुभा आणि अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर आलेले धार व देवासचे पवार, इंदूरचे होळकर, उज्जैनचे शिंदे हा क्रम पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. लोखंड तापवणाऱ्या, ठोकणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाला मात्र या क्रमात कोठेच स्थान मिळालेले नाही. वास्तविक त्याने याच भूमीवर मागे ठेवलेली खूण एखाद्या राजवाड्याहून कमी मोलाची नाही. धार शहरात लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांच्या रूपाने जतन केलेला लोहस्तंभ ही ती खूण होय.

या तिन्ही तुकड्यांची एकत्रित लांबी सुमारे १३ मीटर भरते आणि वजन सात टनांच्या वर जाते. दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळचा प्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरांच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे धारच्या कारागिरांच्या आकांक्षेची कल्पना येते. परंपरा या स्तंभाचा संबंध अकराव्या शतकातील राजा भोजाशी जोडते. पुढे १४०५ साली दिलावर खान घोरीने बांधलेल्या मशिदीला या ‘लाटे’वरूनच नाव मिळाले. दख्खनकडे जाताना अकबराने येथे केलेल्या मुक्कामाची नोंदही स्तंभावर कोरलेली आहे.

राजांच्या या नोंदींपेक्षा स्तंभाची घडण अधिक बोलकी आहे. सात टन लोखंड एका वेळी वितळवून ओतता येईल अशी भट्टी त्या काळी भारतात नव्हती. लहान लहान भट्ट्यांतून निघालेले लोखंडाचे गोळे लालबुंद करायचे, एकावर एक ठेवायचे आणि घणाचे घाव घालून एकजीव करायचे, अशा रीतीने हा स्तंभ वाढत गेला. लोखंडाला लोखंड जोडताना तीन गोष्टी साधाव्या लागतात : योग्य ताप, योग्य दाब आणि योग्य क्षण. लोखंड कमी तापले तर जोड बसत नाही. अधिक तापले तर ते जळून जाते. आणि घाव घालण्यास विलंब झाला तर केलेली मेहनत वाया जाते. ताप ओळखण्याचे साधन म्हणजे लोहाराचा डोळा आणि दाब मोजण्याचे साधन म्हणजे त्याचा खांदा.

त्याच धार जिल्ह्यात आज पीथमपूरच्या कारखान्यांमध्ये वाहनांचे सांगाडे जोडले जातात. तेथेही ताप, दाब आणि क्षण हीच तीन सूत्रे आहेत. फरक इतकाच, की त्यांचा हिशेब आता यंत्र ठेवते. लोहाराच्या हातातील हे ज्ञान यंत्राच्या स्वाधीन कसे होत गेले आणि त्या प्रवासात माणसाच्या वाट्याला काय उरले, हा केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय नाही. ज्या प्रदेशाने आपल्या शेतजमिनी कारखान्यांना दिल्या आणि ज्याची मुले त्या कारखान्यांच्या दारात उभी आहेत, त्या प्रदेशाचा तो जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

सरकती साखळी

आरंभीच्या मोटारी कारागिरांनी एकेक करून बांधल्या. गाडी एका जागी उभी असे आणि कामगार तिच्याभोवती फिरत. दोन सुटे भाग एकमेकांत नीट बसत नसत, म्हणून कानस हे त्या काळचे प्रमुख हत्यार होते. १९१३ साली हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात हा क्रम उलटा झाला. कामगार जागेवर उभा राहिला आणि गाडी त्याच्यासमोरून सरकू लागली. ‘मॉडेल टी’ गाडीची चॅसिस जोडण्यास पूर्वी साडेबारा तास लागत. ते काम सुमारे दीड तासात होऊ लागले. मात्र एकच बोल्ट दिवसभर आवळण्याच्या कामाला माणसे इतकी विटली, की ती टिकेनात. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, तिच्यामागे औदार्याबरोबर ही निकडही होती. माणसाला यंत्राच्या लयीत बांधले की उत्पादन वाढते आणि माणूस कंटाळतो, हे त्या घटनेने जगाला प्रथम स्पष्टपणे दाखवले.

भारतात मोटार आली ती सुट्या भागांच्या पेट्यांतून. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे परदेशी भागांची जुळणी सुरू केली. संपूर्ण मोटार येथेच घडावी असा आग्रह धरणाऱ्यांत सर विश्वेश्वरय्या अग्रभागी होते. त्या स्वप्नाला मुंबईत कारखान्याचे रूप दिले ते सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या या कारखान्यातून आधी अमेरिकी बनावटीच्या आणि नंतर फियाटच्या मोटारी बाहेर पडल्या. पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दुसरे नावच होऊन बसली. कुर्ल्याचा कारखाना हा मुख्यतः हातांचा कारखाना होता. वेल्डिंगची जड ‘गन’ कामगार दोन्ही हातांनी ओढून पत्र्यावर टेकवीत आणि रंगाचा फवाराही हातानेच मारीत. त्या गाडीचे दार बसवणारा कामगार ते कानाने तपासत असे. दार लागल्याचा आवाज बरोबर आला म्हणजे काम बरोबर. २००३ साली नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा एका गाडीबरोबर एका कार्यपद्धतीचाही निरोप घेतला गेला.

पुण्याहून पीथमपूरकडे

पुण्याच्या औद्योगिक इतिहासात सुमंत मुळगावकर यांचे नाव आदराने घेतले जाते. १९६० च्या दशकात टेल्कोचा पिंपरी-चिंचवड येथील प्रकल्प उभा करताना त्यांनी क्रम वेगळा ठेवला. मालमोटारी बाहेर पडण्याच्या पुष्कळ आधी तेथे शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण आणि यंत्रे व साचे तयार करणारा विभाग सुरू झाला. गाडी बनवणे ही दुय्यम गोष्ट; गाडी बनवणारे यंत्र बनवता येणे आणि ते बनवणारा माणूस घडवणे ही मुख्य गोष्ट, असा त्यामागील विचार होता. त्या पायाचे मोल १९९८ साली दिसून आले. त्या वर्षी प्रदर्शित झालेली ‘इंडिका’ ही भारतीय आराखड्याची मोटार याच परिसरात तयार झाली. तिच्यासाठी निस्सान कंपनीचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजांनी पुण्यास आणून पुन्हा उभारण्यात आला. यंत्रे समुद्रापार हलवता येतात. ती जुळवणारी माणसे आधीपासून जागेवर असावी लागतात.

पुण्याच्या याच उद्योगपरंपरेचे एक टोक माळव्यात पोहोचले. धार हा उद्योगांच्या दृष्टीने मागास जिल्हा. तेथे कारखाना काढणाऱ्यास सवलती मिळत. १९८० च्या दशकाच्या आरंभी शासनाने पीथमपूरची औद्योगिक वसाहत आखली आणि थोड्याच वर्षांत गव्हा-हरभऱ्याच्या शेतांजागी वाहनांचे कारखाने उभे राहिले. फिरोदिया कुटुंबाची कायनेटिक आणि जपानची होंडा यांची १९८४ साली भागीदारी झाली व त्यांची बटण दाबताच सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर पीथमपूरला तयार होऊ लागली. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या बजाज टेम्पोनेही येथे दुसरा कारखाना काढला. ही कंपनी २००५ पासून ‘फोर्स मोटर्स’ या नावाने ओळखली जाते आणि शाळा, रुग्णवाहिका व यात्रेकरूंच्या सोयीची तिची ‘ट्रॅव्हलर’ गाडी येथेच घडते. या कारखान्यांबरोबर पुण्याकडील अनेक तंत्रज्ञ इंदूर परिसरात आले. अडीचशे वर्षांपूर्वी तलवारीच्या निमित्ताने झालेले मराठी माणसांचे माळव्यातील आगमन या वेळी पान्याच्या निमित्ताने झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच काळात हलक्या मालमोटारींसाठी चार जपानी कंपन्यांशी भारतीय कंपन्यांचे सहकार्य झाले. त्यांपैकी मित्सुबिशीच्या साह्याने आयशरने १९८६ साली पीथमपूरला ‘कँटर’चे उत्पादन सुरू केले. चारांपैकी दोन नावे, डीसीएम-टोयोटा आणि ऑल्विन-निस्सान, पुढे लोप पावली. आयशरचे काम मात्र वाढत गेले. २००८ साली स्वीडनच्या व्होल्व्होबरोबर तिची संयुक्त कंपनी झाली आणि २०१३ पासून पीथमपूरची इंजिने व्होल्व्हो समूहासाठी परदेशीही जाऊ लागली. शेजारच्या देवासनेही आपला वाटा उचलला. तेथील गजरा गिअर्ससारख्या कारखान्यांनी वाहनांची दंतचक्रे बनवण्यात नाव मिळवले. २०२१ च्या जूनमध्ये पीथमपूरजवळ वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान लंबवर्तुळाकार मार्ग खुला झाला. या प्रकारातील तो आशियातील सर्वांत लांब मार्ग म्हणून ओळखला जातो.

पीथमपूरचा भर मालमोटारी, बसगाड्या आणि व्हॅन यांवर आहे. प्रवासी मोटारींच्या स्वयंचलित निर्मितीचे पूर्ण रूप पुण्याजवळच्या चाकणला पाहावयास मिळते. २००९ साली तेथे फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले आणि पाठोपाठ महिंद्राचाही झाला. अशा कारखान्यात पत्र्यापासून मोटार कशी उभी राहते, हे क्रमाने पाहण्याजोगे आहे.

पत्र्यापासून मोटारीपर्यंत

पोलादाचा पत्रा कारखान्यात येतो तो प्रचंड गुंडाळीच्या रूपाने. त्याची जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर असते. गुंडाळी उलगडून, सपाट करून पत्र्याचे तुकडे कापले जातात आणि ते ओळीने उभ्या असलेल्या प्रेसमध्ये शिरतात. पहिली प्रेस पत्र्याला खोल आकार देते, दुसरी जादा कडा कापते, तिसरी भोके पाडते, चौथी काठ दुमडते. शेकडो टनांच्या दाबाखाली काही सेकंदांत दार, छप्पर किंवा बॉनेट तयार होते. प्रेसमधून प्रेसमध्ये पत्रा नेण्याचे काम यांत्रिक हात करतात. हा आकार ज्यातून उमटतो तो पोलादी साचा, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘डाय’, संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे कोरतात. मात्र त्याचे दोन अर्धे एकमेकांवर अचूक बसतात की नाही हे पाहण्यासाठी अनुभवी कारागीर अजूनही त्यावर निळा लेप लावतो, साचा मिटतो, उघडतो आणि निळाई जेथे असमान उमटली असेल तेथे हाताने घासतो.

पुढचा विभाग बॉडी शॉपचा. पत्र्याचे शेकडो आकार एकत्र येऊन मोटारीचा सांगाडा होतो तो येथे. सुटे भाग पक्के धरून ठेवणाऱ्या चौकटींना जिग आणि फिक्स्चर म्हणतात. भाग त्यात बसले की चहूबाजूंनी यंत्रमानवांच्या भुजा वाकतात आणि तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे चिमटीत धरतात. हजारो अँपिअरचा विद्युत्प्रवाह अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ वाहतो. पत्र्यांच्या स्पर्शबिंदूवर धातू वितळतो, दाबाखाली थिजतो आणि एक ठिपका-जोड तयार होतो. एका मोटारीच्या सांगाड्यावर असे तीन ते पाच हजार ठिपके असतात. प्रवाह म्हणजे ताप, चिमटा म्हणजे दाब आणि नियंत्रकाने मोजलेले सहस्रांश सेकंद म्हणजे क्षण. धारच्या लोहाराचीच ही तीन सूत्रे; फक्त डोळ्याच्या जागी मापन आले आहे.

तेथून सांगाडा रंगाच्या विभागात जातो. हा प्रवास सर्वांत लांब आणि सर्वांत नाजूक असतो. सांगाडा धुतला जातो, त्यावर फॉस्फेटचा थर बसवला जातो आणि मग तो संपूर्णच रंगाच्या हौदात बुडवला जातो. विजेच्या ओढीने रंगाचे कण पत्र्याच्या आतल्या सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतात. गंजापासूनचे मुख्य संरक्षण हेच. त्यानंतर भट्टी, सांध्यांत लांबण, पुन्हा थर, पुन्हा भट्टी आणि शेवटी चकाकीचा लेप. येथे धुळीचा एक कणही शत्रू असतो, म्हणून काही कारखान्यांत सांगाड्यावरून शहामृगाच्या किंवा इमूच्या पिसांचे रूळ फिरवतात. रंग फवारणारे यंत्रमानव बंद कक्षात काम करतात. एकेकाळी या विषारी वाफा कामगारांच्या छातीत जात. स्वयंचलनाने माणसाचे कोणते काम काढून घेतले याचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू विसरता येत नाही.

शेवटचा विभाग जुळणीचा. आणि येथे आल्यावर पाहणाऱ्यास आश्चर्य वाटते, कारण एवढ्या स्वयंचलित कारखान्यात सर्वाधिक माणसे येथेच दिसतात. सांगाड्याची दारे काढून वेगळ्या मार्गावर पाठवली जातात. तारांचे जाळे, गालिचे, काचा, आसने, डॅशबोर्ड एकेक करून आत जातात. खालून इंजिन व चाकांची व्यवस्था वर येते आणि वरून सांगाडा उतरतो. कारखान्याच्या बोलीत या मीलनाला ‘मॅरेज’ म्हणतात. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट किती जोराने आवळला याची नोंद पान्यातूनच संगणकाकडे जाते. पुण्यात टाटा मोटर्सने अशी एक संपूर्ण जुळणीची साखळी स्त्री-कामगारांच्या हाती सोपवली आहे. अखेरीस गाडी रुळांवर पळवली जाते, पाण्याच्या झोतांखाली गळती तपासली जाते आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने गाड्या दाराबाहेर पडत राहतात. खिळ्या-स्क्रूंसह मोजले तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात.

यंत्राची वेठ आणि माणसाची जाण

‘रोबो’ या शब्दाचा जन्म कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली लिहिलेल्या नाटकात झाला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठ किंवा बेगार असा आहे. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात पहिला औद्योगिक यंत्रमानव बसवला गेला, तेव्हा त्याला दिलेले काम या अर्थाला साजेसे होते : तापलेले ओतीव भाग साच्यातून उचलणे. माणसाला भाजणारे, दमवणारे, कंटाळवाणे काम यंत्राने करावे हा त्या आरंभीचा हेतू. सर्वच काम यंत्राने करावे हा मोह नंतरचा. अमेरिकेत टेस्ला कंपनीने आपली एक मोटार जवळजवळ पूर्णतः यंत्रांकडून जोडून घेण्याचा प्रयत्न केला, उत्पादन रखडले आणि स्वयंचलनाचा अतिरेक झाल्याचे कंपनीच्या प्रमुखाने २०१८ साली जाहीरपणे मान्य केले. पत्रा ताठ असतो, तो यंत्राला समजतो. तारांचे जाळे, रबराची पट्टी, गालिचाची घडी या गोष्टी दर वेळी निराळ्या वागतात. तेथे बोटांची जाणच उपयोगी पडते.

यंत्र आणि माणूस यांच्यातील अधिक समंजस नाते जपानमध्ये शोधले गेले, आणि तेही मोटारीच्या आधी मागावर. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप थांबत असे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे शहाणपणाचे, ही त्यामागील दृष्टी. त्यांच्या पुत्राने काढलेल्या मोटार कंपनीत हीच दृष्टी माणसाला लागू झाली : दोष दिसला तर साध्या कामगारानेही दोरी ओढावी, मदत मागावी आणि वेळ पडल्यास साखळी थांबवावी. फोर्डच्या साखळीत कामगाराचा हात होता. येथे त्याचे मतही आले. ज्या माळव्याच्या शेजारी महेश्वरच्या विणकरांची परंपरा आहे, तेथे या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या विवेचनाला एक कठोर बाजू आहे, आणि ती डोळ्याआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. यंत्रमानवांच्या रांगेत पूर्वीइतके हात लागत नाहीत. जे लागतात त्यांपैकी पुष्कळ कंत्राटी असतात आणि साखळीवरचे काही दिवसांत शिकता येणारे काम करतात. असे काम शिकवणे सोपे असते, म्हणून ते करणाऱ्याला बदलणेही सोपे असते. याउलट, डाय दुरुस्त करणारा, यंत्रमानवाचा बिघाड ओळखणारा, आराखडा वाचणारा माणूस सहजी मिळत नाही. यंत्रमानवालाही कोणीतरी शिकवावेच लागते. हातातील नियंत्रकाने त्याची भुजा एकेका ठिपक्यापाशी नेऊन दाखवणारा तंत्रज्ञ उत्तम वेल्डर असेल तरच जोड उत्तम येतात. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लोहारदासारख्या, नावातच लोहार ऐकू येणाऱ्या गावातून एखादा तरुण पीथमपूरला जातो, तेव्हा तो या दोहोंपैकी कोणत्या रांगेत उभा राहणार हे त्याच्या मनगटावर ठरत नाही. त्याने काय शिकले आहे आणि पुढे शिकत राहण्याची सोय त्याला आहे की नाही, यावर ते ठरते.

पूर्वी ही विद्या भात्याजवळ बसून बापाकडून मुलाकडे जाई. आता ती आराखड्यांत, तक्त्यांत आणि ग्रंथांत गेली आहे, आणि म्हणूनच तिची वाट ग्रंथालयाच्या दारावरून जाते. माळव्यातील मराठी ग्रंथालयांनी कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि इतिहास यांची आस्थेने जोपासना केली. त्याच कपाटांत यंत्रविद्येची, स्वभाषेत समजावून सांगणारी पुस्तके असतील, तर वाचनाची भूक आणि उपजीविकेची चिंता एकाच छताखाली भेटतील. मुळगावकरांनी गाडीच्या आधी माणूस घडवला, तो काही केवळ कारखान्याच्याच उपयोगाचा धडा नाही.

अत्याधुनिक बॉडी शॉपमध्येही ठिपका-जोडांची परीक्षा आजतागायत एका जुन्या रीतीने घेतली जाते. ध्वनिलहरींची उपकरणे असतात, पडद्यावर आलेख उमटतात. तरीही ठरावीक सांगाडे बाजूला काढून जोडांच्या फटीत छिन्नी घालतात आणि हातोड्याचा घाव घालून जोड टिकतो की सुटतो ते पाहतात. घाव किती जोराने घालावा आणि आलेल्या आवाजाचा अर्थ काय, हे तो घाव घालणाऱ्याला ठाऊक असते. धारच्या लोहस्तंभाचे जोड कोणी पारखले त्या माणसांची नावे इतिहासाला माहीत नाहीत. पीथमपूरच्या आणि चाकणच्या जोडांची पारख करणाऱ्या हातांना तरी काम, मान आणि ज्ञान ही तिन्ही मिळावीत, एवढी अपेक्षा या दीर्घ वारशाकडून करणे वावगे ठरू नये.